पिमोरोनी ब्लिंक्ट : रास्पबेरी पायवर बसणारे आठ दिवे, वापरून झाल्यावरचं माझं मत

रास्पबेरी पाय म्हणजे एका बोर्डावर मावणारा छोटा कॉम्प्युटर, पुढे त्याला नुसतं पाय म्हणते. त्याच्यावर लावायला एलईडीचा बोर्ड घ्यायचाय, कुठला घेऊ, असं कोणी विचारलं की मी आधी ब्लिंक्ट सांगते, बाकीचे नंतर. ६४ दिव्यांचे, २५६ दिव्यांचे बोर्ड बघायला भारी वाटतात, व्हिडिओ बघून कोणालाही मोह होईल, पण घरात रोजच्या कामाला, चोवीस तास चालू ठेवायला आणि शाळेतल्या पोरांच्या हातात द्यायला जो खरंच उपयोगी पडतो तो हा आठ दिव्यांचा छोटासा तुकडा. आमच्याकडे हा सोसायटीच्या वरच्या टाकीत पाणी किती आहे ते दाखवतो, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय, कारण बोर्ड चांगला की वाईट हे असल्या कामात कळतं, नुसतं इंद्रधनुष्य फिरवून कळत नाही.

आधी वस्तू काय आहे ते सांगते. पिमोरोनी ही इंग्लंडमधल्या शेफील्डची कंपनी, २०१२ पासूनची, आणि तिच्या संस्थापकांपैकी पॉल बीच यांनीच रास्पबेरी पायचा तो ओळखीचा लोगो बनवलाय. ब्लिंक्ट त्यांनी २०१६ मध्ये आणला. एका ओळीत आठ आरजीबी एलईडी, खाली ४० पिनांचा फीमेल हेडर कारखान्यातूनच सोल्डर केलेला, बस. लांबीला पाय झीरो या पायच्या छोट्या मॉडेलएवढा, रुंदीला हेडरपेक्षा थोडासाच जास्त. वायर नाही, ब्रेडबोर्ड नाही, रेझिस्टर शोधा ही भानगड नाही, पायच्या पिनांवर दाबून बसवायचा आणि झालं. चाळीस पिनांवर बसत असला तरी खऱ्या अर्थाने वापरतो चारच गोष्टी, पाच व्होल्ट, ग्राउंड, जीपीआयओ २३ वर डेटा आणि जीपीआयओ २४ वर क्लॉक (जीपीआयओ म्हणजे प्रोग्रामने चालू-बंद करता येणारी पिन).

जवळून बघितलात तर प्रत्येक एलईडी म्हणजे पाच मिलिमीटरचा पांढरा चौकोन, मधे गोल पारदर्शक खिडकी, आणि भिंग धरलंत तर त्या खिडकीत लाल, हिरवा, निळा असे तीन बारके ठिपके आणि त्यांच्या शेजारी एक काळपट चिप दिसते, केसापेक्षा बारीक तारांनी जोडलेली. ती चिप महत्त्वाची. प्रत्येक दिव्याचा कंट्रोलर त्या दिव्याच्या पोटातच आहे, त्यामुळे पायला दिवा सतत लुकलुकवत बसावं लागत नाही, एकदा रंग सांगितला की पुढचा हुकूम येईपर्यंत तो दिवा तो रंग धरून बसतो. माझ्या भाचीला मी भिंगातून हेच आधी दाखवलं, प्रोग्राम नंतर.

बसवताना एकच काळजी घ्यायची, दिशा. बोर्डाच्या एका बाजूचे कोपरे गोल आहेत ते पायच्या गोल कोपऱ्यांशी जुळले पाहिजेत. उलटा लावलात तर पाच व्होल्ट भलत्या पिनांवर जाणार, म्हणून लहान मुलांच्या हातात देताना पाय बंद करून, केबल काढून, मोठ्या माणसाने एकदा बघून मगच चालू करायचा. कंपनीने इथे एक ठळक बाण छापला असता तर बरं झालं असतं असं मला मनापासून वाटतं, गोल कोपरा ही खूण नवख्या माणसाच्या लक्षात येत नाही.

आता मुद्द्याचं. हाच का, बाकीचे का नाही, याचं उत्तर आतल्या एलईडीच्या जातीत आहे. ब्लिंक्टमध्ये एपीए१०२ आहेत. बाजारात ज्या रंगीत पट्ट्या मिळतात, ज्यांना सगळे निओपिक्सेल म्हणतात, त्यांच्यात बहुतेक वेळा डब्ल्यूएस२८१२ असतात, आणि पिमोरोनीचाच ६४ दिव्यांचा युनिकॉर्न हॅट (हॅट म्हणजे पायवर टोपीसारखा बसणारा बोर्ड) आहे तोही डब्ल्यूएस२८१२ वालाच. फरक असा की डब्ल्यूएस२८१२ ला एकच डेटाची वायर असते, शून्य आणि एक यातला फरक सिग्नल किती वेळ वर राहिला यावरून तो ओळखतो, आणि एका बिटाला वेळ मिळतो सव्वा मायक्रोसेकंद. पायवर चालतं लिनक्स, ते एकाच वेळी दहा कामं करत असतं, मधेच दुसऱ्या कामाला गेलं की वेळ चुकला आणि रंग बिघडला. म्हणून पायवर हे दिवे चालवणारी लायब्ररी पीडब्ल्यूएम (सिग्नल ठरावीक वेळ वरखाली करणारा भाग) आणि डीएमए (प्रोसेसरला मधे न घेता डेटा हलवणारा भाग) हे हार्डवेअर हाताशी धरते, त्याला रूटची म्हणजे सिस्टीमच्या मालकाची परवानगी लागते, म्हणजे प्रत्येक वेळी कमांडच्या आधी सुडो, आणि तेच पीडब्ल्यूएम पायच्या साडेतीन मिलिमीटरच्या ऑडिओ जॅकलाही लागतं म्हणून दिवे चालू असताना जॅकवरून गाणी ऐकायला गेलात की दोघांचं भांडण. एपीए१०२ ला डेटाबरोबर क्लॉकची वेगळी वायर आहे. भजनात टाळ वाजवणारा लय धरून असला की बाकीचे त्याच्या मागे जातात, लय जरा हळू झाली तरी भजन मोडत नाही, तसं क्लॉकचा ठोका पडला की त्या क्षणी डेटा वर आहे की खाली एवढंच दिव्याने बघायचं, दोन ठोक्यांत अंतर कमीजास्त झालं तरी काही बिघडत नाही. त्यामुळे साध्या पायथॉनमधून पिन वरखाली करून हे आठ दिवे अगदी नीट चालतात, सुडो लागत नाही, आवाजाशी भांडण नाही, आणि पाय दुसऱ्या कामात कितीही गुंतलेला असला तरी रंग चुकत नाहीत.

आणि पूर्ण पत्रव्यवहार किती छोटा आहे बघा. सुरुवातीला ३२ शून्यं, मग प्रत्येक दिव्याला ३२ बिट, त्यात पहिले तीन बिट एक, पुढचे पाच बिट ब्राइटनेसचे, मग निळा, हिरवा, लाल असे आठ-आठ बिट, हो, याच उलट्या क्रमाने. शेवटी ३६ रिकामे ठोके म्हणजे सगळ्या दिव्यांनी नवा रंग घेतला. आठ दिव्यांचं मिळून ३२४ ठोक्यांत काम संपतं. लायब्ररीची पायथॉनची फाइल उघडून वाचा, एका बैठकीत समजते, आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातल्या मुलांना सिरीयल डेटा म्हणजे काय हे शिकवायला याच्यापेक्षा चांगलं उदाहरण मी तरी बघितलेलं नाही. मोठ्या बोर्डांचा कोड वाचायला गेलं की डीएमए, रजिस्टर असल्या जंगलात माणूस हरवतो.

सेन्स हॅट या पायच्या दुसऱ्या बोर्डाबद्दल बरेच जण विचारतात म्हणून तेही सांगून टाकते. तो खूप चांगला बोर्ड आहे, ८ बाय ८ दिवे, वर दाब, तापमान, आर्द्रता, जायरो, जॉयस्टिक सगळं, आणि तो खरोखर अंतराळ स्थानकावर गेलेला, ब्रिटिश अंतराळवीर टिम पीक २०१५ च्या डिसेंबरमध्ये गेले त्या मोहिमेत दोन पाय आणि त्यांच्यावर सेन्स हॅट. शाळेत विज्ञान प्रदर्शनासाठी एकच बोर्ड घ्यायचा असेल आणि बजेट असेल तर जरूर तो घ्या. पण त्याची किंमत ब्लिंक्टच्या कितीतरी पट आहे, आणि नुसते दिवे हवे असतील तर बाकीच्या सेन्सरचे पैसे का भरायचे. शिवाय त्याच्यावरचं तापमान खालच्या पायच्या गरमीने चढतं, म्हणजे खोलीचं खरं तापमान हवं तर तो आकडा तसाच घेता येत नाही, हे घेण्याआधी माहीत असलेलं बरं.

सॉफ्टवेअरकडे येते, कारण इथेच बहुतेक जण अडकतात आणि बोर्ड खराब निघाला म्हणून परत पाठवतात. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रास्पबेरी पाय ओएसची बुकवर्म आवृत्ती आली, तेव्हापासून पिपने, म्हणजे पायथॉनची पॅकेजं टाकणाऱ्या कमांडने, सरळ पॅकेज टाकायला गेलात की एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट अशी लांबलचक एरर येते. हा बोर्डाचा दोष नाही, सिस्टीमच्या पायथॉनमध्ये कोणी बाहेरून ढवळाढवळ करू नये म्हणून ही ओएस ज्या डेबियन लिनक्सवर उभी आहे त्या डेबियनवाल्यांनीच ते दार बंद केलंय. इंटरनेटवरचे निम्मे लेख त्याच्या आधीचे आहेत आणि त्यातली कमांड जशीच्या तशी टाकली की हे होतं. उपाय सोपा, आपल्या फोल्डरमध्ये व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्या फोल्डरपुरतं वेगळं पायथॉन, बनवायचं, ते चालू करायचं आणि त्याच्या आत ब्लिंक्ट इन्स्टॉल करायचं. जबरदस्तीने टाकायचा एक पर्यायही असतो, ब्रेक सिस्टीम पॅकेजेस नावाचा, नावातच काय होईल ते लिहिलंय, त्याच्या वाटेला जाऊ नका.

लायब्ररीत शिकण्यासारखे शब्द चार-पाचच. सेट पिक्सेल, त्यात दिव्याचा नंबर ० ते ७, मग लाल-हिरवा-निळा ० ते २५५, आणि हवं तर ब्राइटनेस ० ते १. सेट ऑल म्हणजे सगळ्यांना एकच रंग. क्लिअर म्हणजे सगळे काळे. आणि शो. शो म्हटल्याशिवाय दिव्यांवर काहीच दिसत नाही, आधीचं सगळं नुसतं पायच्या मेमरीत असतं, ही गोष्ट मुलांना दोनदा सांगावी लागते पण एकदा समजली की बाकीचं आपोआप येतं. सेट क्लिअर ऑन एक्झिट नावाचं एक आहे, प्रोग्राम संपला की दिवे विझवायचे का तसेच ठेवायचे ते ठरवतं.

ब्राइटनेसवर मात्र जरा थांबते कारण कुठल्याच रिव्ह्यूत हे नीट लिहिलेलं नाहीये. हे दिवे प्रचंड तेज आहेत. पूर्ण ब्राइटनेसला पांढरा रंग लावून सरळ बघायचं नाही, डोळ्यांपुढे ठिपके येतात, लहान मुलं असतील तर हे आधी बजावून ठेवा. पूर्ण पांढऱ्याला एक एलईडी साधारण ६० मिलिअँपिअर खातो, म्हणजे आठ मिळून अर्ध्या अँपिअरच्या जवळ, आणि ते पायच्याच पाच व्होल्टवरून जातं, फोनचा जुना किरकोळ चार्जर लावला असेल तर पाय कुरकुरणारच. पण एवढं तेज कोणाला लागतच नाही. घरात ०.१ पुरतो, दिवसासुद्धा. आता गंमत अशी की ब्राइटनेसला मघाशी सांगितले ते पाचच बिट आहेत, म्हणजे ३१ पायऱ्या, आणि तुम्ही दिलेल्या आकड्याला ३१ ने गुणून पुढचा अपूर्णांक लायब्ररी टाकून देते. म्हणजे ०.१ दिलंत तर पायरी तिसरी. ०.०४ दिलंत तर पहिली. आणि ०.०३ दिलंत तर दिवा लागतच नाही, शून्य. रात्री मंद प्रकाश हवा म्हणून कोणी ०.०२ देतो आणि बोर्ड मेला म्हणून फोन करतो. तसंच दिवा हळूहळू उजळत न्यायचा असेल तर ब्राइटनेस बदलत बसू नका, खालच्या पायऱ्यांवर तो ठेचकाळत चढतो, डोळ्यांना स्पष्ट दिसतं. ब्राइटनेस एका ठिकाणी ठेवा आणि रंगाचे आकडे वाढवत न्या, तिथे २५६ पायऱ्या मिळतात, मग मऊ वाटतं. तरीही डोळ्यांना टोचतंय वाटलं तर वर ट्रेसिंग पेपरची एक पट्टी, दिव्यांपासून अर्धा सेंटीमीटर वर उचलून, चिकटवून टाका. चिकटून लावली तर ठिपके तसेच दिसतात, अंतर ठेवलं की प्रकाश पसरतो.

आता टाकी. आमच्या सोसायटीत महापालिकेचं पाणी सकाळी येतं, खालच्या टाकीत साठतं आणि वॉचमन काका मोटर लावून ते गच्चीवरच्या टाकीत चढवतात. टाकी भरली की नाही हे बघायला जिना चढायचा, नाहीतर ओव्हरफ्लोचं पाणी धबधब्यासारखं खाली पडायला लागलं की कळायचं. काकांचे गुडघे दुखतात आणि पाणी वाया जातं ते वेगळंच, उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या सोसायटीत असं पाणी गटारात जाताना बघवत नाही. आठ दिवे आणि टाकीचे आठ भाग हे इतकं सरळ जुळतं की दुसरा बोर्ड शोधायची गरजच नव्हती. गच्चीवर टाकीच्या झाकणात पाण्यापासून सुरक्षित असा अल्ट्रासॉनिक सेन्सर आहे, गाडीच्या मागच्या बंपरला असतो तसल्या डोळ्याचा, तो एका वायफायवाल्या छोट्या बोर्डाला जोडलाय आणि पाण्यापर्यंतचं अंतर एमक्यूटीटीने, म्हणजे नेटवर्कवरून छोटे निरोप पाठवायच्या पद्धतीने, खाली येतं. त्या सेन्सरला वीस-पंचवीस सेंटीमीटरच्या आतलं नीट दिसत नाही, म्हणून टाकी काठोकाठ भरली तरी पाणी आणि सेन्सर यात तेवढं अंतर राहील अशी उंची धरावी लागते. खाली आमच्या घरी पाय झीरो टू डब्ल्यू, त्याच्यावर ब्लिंक्ट, आणि दुसरा असाच जोड काकांच्या केबिनमध्ये.

पाणी चढताना वर लाटा येतात, त्यामुळे पाचवा दिवा पेटू की सहावा असं सारखं मागेपुढे होतं, आणि ते बघायला फार त्रासदायक. त्यावर दोन गोष्टी केल्या की दिवे शांत होतात. एक, सेन्सरचे लागोपाठ बरेच आकडे घेऊन त्यातला मधला धरायचा, सरासरी नाही, कारण एखादा आकडा पार वेडावाकडा येतो आणि सरासरी बिघडवतो. दोन, सहावा दिवा पेटायला पाणी रेषेच्या दोन-तीन सेंटीमीटर वर गेलं पाहिजे आणि विझायला तेवढंच खाली आलं पाहिजे. फ्रिज, गीझर यांचा थर्मोस्टॅट असाच चालतो.

रंग मी मुद्दाम कमी ठेवलेत. खालचे दोन दिवेच उरले की लाल, बाकी वेळी हिरवट निळा, भरली की पांढरा. काही जणांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, म्हणून किती दिवे पेटलेत यावर काम चाललं पाहिजे, रंग फक्त मदतीला. हाच फायदा मला ६४ दिव्यांच्या बोर्डात मिळाला नसता, तिथे माणूस आकडे पळवायला लागतो, अक्षरं सरकवायला लागतो, आणि मग ते वाचायला जवळ जाऊन थांबावं लागतं. इथे स्वयंपाकघरातून पॅसेजकडे मान वळवली की कळतं, सासूबाईंना चष्मा शोधावा लागत नाही. काका सांगतात, ताई, आता मोटर बंद करायला मी चहा संपवून जातो. केबिनमध्ये दुपारचं ऊन येतं, तिथे ०.१ दिसत नाही, ०.४ ठेवलंय.

पण या सगळ्यात एक गोष्ट मी फार महत्त्वाची मानते आणि असं काही बनवणाऱ्या प्रत्येकाला सांगते. एपीए१०२ शेवटचा रंग धरून बसतो हे वर लिहिलं, तो गुण आहे तसाच धोकाही आहे. गच्चीवरची वीज गेली, वायफाय तुटलं, सेन्सरच्या डोळ्यावर बाष्प धरलं, तरी खाली दिवे तसेच पेटलेले राहतात आणि माणूस समजतो पाणी आहे. दिव्यावर लोक विश्वास ठेवतात, तो दिवा शिळी बातमी देत असेल तर त्यापेक्षा दिवा नसलेला बरा. म्हणून ठराविक वेळात नवा आकडा आला नाही की आमच्याकडे सगळे विझतात आणि टोकाचे दोनच दिवे जांभळे लुकलुकतात, म्हणजे मला माहीत नाही, वर जाऊन बघा. एमक्यूटीटीत रिटेन, म्हणजे शेवटचा निरोप जपून ठेवायची सोय, बंद ठेवलंय, नाहीतर पाय रिस्टार्ट झाल्यावर कालचा आकडा ताजा म्हणून हातात येतो. आणि ब्लिंक्टकडून उलट उत्तर काहीच येत नाही हेही लक्षात ठेवा, त्याच्यावर ईईप्रॉम, म्हणजे बोर्डाची ओळख सांगणारी चिप, नाही, म्हणजे पायच्या हॅट बोर्डांच्या २०१४ च्या नियमाप्रमाणे तो खरा हॅटच नाही, बोर्ड काढून ठेवलात तरी प्रोग्राम एरर न देता चालू राहतो.

याच संदर्भात सिस्टमडीची, म्हणजे लिनक्समध्ये प्रोग्राम चालू-बंद करणाऱ्या व्यवस्थेची, एक खोच. पाय चालू झाला की प्रोग्राम आपोआप चालावा म्हणून सगळे सर्व्हिस बनवतात, तसं केलंच पाहिजे. पण सर्व्हिस बंद करताना सिस्टमडी सिगटर्म नावाचा थांबायचा इशारा पाठवतं, आणि पायथॉनमध्ये सिगटर्मने प्रोग्राम मेला की बाहेर पडतानाची आवराआवर होत नाही, म्हणजे क्लिअर ऑन एक्झिट लावूनही दिवे पेटलेलेच. पाय शटडाउन केला तरी पाच व्होल्ट चालू असतात त्यामुळे ते तसेच जळत राहतात. सर्व्हिसच्या फाइलमध्ये किल सिग्नल म्हणून सिगइंट लिहायचं, मग कंट्रोल सी दाबल्यासारखं होतं आणि दिवे व्यवस्थित विझतात. एका ओळीचं काम आहे, पण ती ओळ सापडेपर्यंत माणूस बोर्डाला शिव्या देतो.

मुलांना शिकवायला कसा आहे हे वेगळं सांगायला हवं. भाची सहावीत आहे, स्क्रॅच (ठोकळे जोडून प्रोग्राम करायची भाषा) येत होतं, पायथॉन नव्हतं. स्क्रीनवर एक ते आठ आकडे छापायचा फॉर लूप तिला कंटाळवाणा वाटायचा, तोच लूप एकेक दिवा पेटवत गेला तेव्हा लगेच पुढचे प्रश्न सुरू झाले, उलटा कसा न्यायचा, मागचा विझवायचा कसा, दोन दिवे समोरासमोरून आले आणि आपटले तर. नंबर शून्यापासून सुरू होतो हेही बोटाने दिवे मोजताना तिचं तिलाच कळलं, मला समजवावं लागलं नाही. मग बायनरी. आठ दिवे म्हणजे आठ बिट, एक बाइट, ० ते २५५. तिने आपला रोल नंबर, मग जन्मतारीख दिव्यांवर लिहिली आणि आजोबांना वाचायला लावली, आजोबा आयुष्यभर बँकेत आकडे करत आलेले, ते कागद-पेन घेऊन बसले आणि दोघांचं जेवण थंड झालं. आठ हा आकडा या कामाला अगदी योग्य आहे, नऊ असते किंवा बारा असते तर ही मजा आली नसती.

तक्रारी आहेत, त्या लपवत नाही. सगळ्यात मोठी म्हणजे चार पिनांसाठी चाळीस पिना अडवतो. वरून पिना पुढे काढलेल्या नाहीत, म्हणजे त्याच पायला तापमानाचा सेन्सर किंवा छोटी स्क्रीन जोडायची म्हटलं की मधे एक्स्टेंडर घ्यावा लागतो. नाहीतर चार जंपर वायरी लावून बोर्ड बाजूला ठेवायचा, चालतो, पण मग त्याचा सुटसुटीतपणा गेला. दुसरं, साध्या पाय झीरोवर हेडर, म्हणजे पिनांची पट्टी, नसतोच, तो सोल्डर करावा लागतो. सोल्डरिंग येत नसेल तर नावाच्या शेवटी एच असलेलं मॉडेल घ्या, त्यात हेडर लावलेला येतो, चार पैसे जास्त गेले तरी डोकं शांत. झीरोच्या अधिकृत केसबरोबर तीन झाकणं येतात, त्यातलं पिनांसाठी लांब खाच असलेलं वापरायचं.

तिसरं पाय ५ बद्दल. त्यात पिना आता आरपी१ नावाच्या वेगळ्या चिपकडे गेल्यात, त्यामुळे आरपीआय डॉट जीपीआयओ ही जुनी लायब्ररी त्याच्यावर चालत नाही, आणि तिच्यावर उभं असलेलं सगळंच अडतं. आरपीआय-एलजीपीआयओ नावाचं पॅकेज तिच्या जागी बसतं, नाव-पद्धत तीच ठेवलीये, मात्र दोन्ही एकाच ठिकाणी इन्स्टॉल ठेवू नका. खरं सांगायचं तर आठ दिव्यांसाठी पाय ५ लागतच नाही, झीरो टू डब्ल्यूमध्ये चार कोअर आणि ५१२ एमबी रॅम आहे, एमक्यूटीटीचे निरोप वाटणारा ब्रोकर, जाहिराती अडवणारं सॉफ्टवेअर आणि हे दिवे असं सगळं तो आरामात ओढतो.

किंमत. ब्रिटनमध्ये हा पाच-सहा पाउंडांच्या घरातला बोर्ड आहे, आपल्याकडे येईपर्यंत कस्टम, कुरिअर आणि विक्रेत्याचा नफा धरून बराच फुगतो, आणि कुठे स्टॉकमध्ये असेल याची खात्री नसते. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, विचारलंत तर बहुतेक दुकानदार डब्ल्यूएस२८१२ ची आठ दिव्यांची पट्टी पुढे करतील, ताई हेच आहे म्हणतील, ती स्वस्त असते पण तिला वायरी लावाव्या लागतात आणि वर सांगितलेली सुडोची, टायमिंगची सगळी कटकट तिच्यासोबत येते. एका ऑनलाइन विक्रेत्याने माझ्या ओळखीच्या मुलाला ब्लिंक्टसारखाच दिसणारा बोर्ड पाठवला त्यात एसके९८२२ होते, ते एपीए१०२ चे जुळे म्हणून विकले जातात पण नवा रंग कधी दाखवायचा याची त्यांची रीत वेगळी, शेवटी आणखी शून्यं पाठवल्याशिवाय रंग एक पाऊल मागेच राहतो. म्हणून ऑर्डर करण्याआधी आत कुठला एलईडी आहे हे लेखी विचारा, उत्तर मिळालं नाही तर दुसरीकडे जा.

आणि ज्याच्या घरी पाय नाहीच, फक्त टाकीचा दिवा हवाय, त्याने हा बोर्ड आणि पाय असं दोन्ही विकत घेऊ नये हेही स्पष्ट सांगते. गच्चीवर जो वायफायचा छोटा बोर्ड आहे तसलाच एक खाली, त्याला साधी एलईडीची पट्टी, निम्म्याहून कमी पैशात काम होईल, सोल्डरिंग मात्र यायला हवं. पाय आधीच घरात कशासाठी तरी चालू असेल, किंवा घरात पायथॉन शिकणारं कोणी असेल, तर ब्लिंक्ट डोळे झाकून घ्या. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो वरून पिना न काढल्याबद्दल, पुढच्या आवृत्तीत तेवढं केलं तर तोही देईन.